भिंतीतलं रिकामं कपाट, सासूबाईंची लुगडी आणि गोधडीसाठी जागा

हिरवा काठ (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण मापं आणि मागची हकीकत कळल्याशिवाय कुणाला नीट सांगता यायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही, तळमजल्यावर. मधल्या खोलीत भिंतीतलं एक कपाट आहे. रुंदी ४ फूट, खोली २० इंच, उंची साडेसहा फूट. आत कडप्प्याचे चार कप्पे. जमिनीपासून पहिला कडप्पा १५ इंचांवर, दुसरा ३० वर, तिसरा ४६ वर आणि चौथा ६२ वर. वर माळा आहे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या घरात सव्वादोन फूट पाणी होतं. दुसऱ्या कडप्प्याच्या खाली तीन बोटांवर येऊन थांबलं. खालच्या दोन कप्प्यांतलं सगळं अंथरूण-पांघरूण गेलं. त्यात माझ्या आईनं लग्नात दिलेली गोधडी होती. चिखलानं ती इतकी जड झाली होती की आम्ही दोघांनी मिळून ती अंगणात आणली. तीनदा धुतली. वास गेला नाही, आणि दोरा कुजला होता. धावदोऱ्याच्या ओळीवर बोट फिरवलं की टाके आपोआप सुटायचे. शेवटी टाकावी लागली. वरच्या कप्प्यांत सासूबाईंची तेरा लुगडी होती, ती वाचली.

कपाटाची सागवानी दारं फुगली, मिटेनात, म्हणून काढून ठेवली. तेव्हापासून पुढे पडदा आहे आणि आत काहीच नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पायरीपर्यंत आलं, त्यानंतर तर घरातलं कुणीच त्या कपाटात काही ठेवायला धजत नाही. लुगडी सध्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहेत.

यंदा मे महिन्यात मी नोकरीतून निवृत्त झाले. आता त्या लुगड्यांच्या गोधड्या करायच्या आहेत. दोघी नातींना एकेक, नणंदेला एक. ट्रंकेत ठेवून ती लुगडी घडीवर विरत चालली आहेत हे मला रोज दिसतंय. शिवण टाकायला कॉटवर बसते, कापायला ओट्यावर जाते, कात्री एकीकडे आणि दोरा दुसरीकडे. कुणी पाहुणे आले की सगळं गोळा करून पिशवीत. असं करत एक गोधडी चार महिने लोंबकळली आहे.

म्हणून त्या कपाटाची शिवणाची जागा करावी असं मनात आहे. सुताराला दाखवलं. त्याचं म्हणणं, सगळे कडप्पे फोडून काढू, आतून तळापासून वरपर्यंत प्लायची पेटी बसवू, सनमायका लावू, खाली तीन ड्रॉवर आणि मध्ये टेबल. चित्र छान काढून दिलं त्यानं. पण खाली ड्रॉवर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. विचारायचं ते असं:

कडप्पा काढावा का? काढायचा तर किती? प्लाय कुठला घ्यावा? शिवणयंत्र (साधं, लोखंडी, मोटर लावलेलं) आत बसेल का? आणि उजेडाचं काय करावं? खोलीतली ट्यूब माझ्या पाठीमागे येते.

ओळंबा (कोल्हापूर)

ताई, मी तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो आणि पंचगंगेचं पाणी आमच्याही ओसरीवर येऊन गेलंय. त्यामुळे तुमच्या पोटातला गोळा मला समजतो. सुताराचं चित्र बाजूला ठेवा.

पहिली गोष्ट. पुराच्या पाण्यात त्या कपाटातली एकच वस्तू धड राहिली, ती कडप्पा. दारं फुगली, कापड कुजलं, कडप्पा तसाच आहे. तो फोडून त्या जागी लाकूड कशासाठी आणायचं? काढायचाच असेल तर फक्त सगळ्यात खालचा, १५ इंचांवरचा काढा. तो गेला की ३० इंचांच्या कडप्प्याखाली पाय घालून बसायला जागा होते. बसून कापायला, आखायला ३० इंच ही टेबलाची नेहमीचीच उंची आहे. म्हणजे तुमचं टेबल आधीपासून तिथे आहे, फक्त खालची अडचण काढायची.

काढताना घण मारू देऊ नका. कडप्पा दोन्ही बाजूंच्या भिंतींत इंच-दीड इंच खाच करून बसवलेला असतो. भिंत साडेचार इंची असली तर घणानं पलीकडच्या खोलीतला गिलावा फुटतो. ग्राइंडरनं मधोमध काप घ्यायचा, खालून दोन माणसांनी धरायचं आणि एकेक तुकडा ओढून काढायचा. ४ फूट बाय २० इंचांचा पाऊण इंची कडप्पा तीस किलोच्या पुढे भरतो, एकट्या माणसाला सावरत नाही. धूळ प्रचंड उडते. त्या दिवशी खोलीत कापडाची एक चिंधीही ठेवू नका. आणि कपाटाच्या डोक्यावरचा जो माळ्याचा स्लॅब आहे त्याला कुणी हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट. कडप्पा दाबाला पक्का पण वाकण्याला कच्चा. लुगड्यांच्या घड्या ठेवणं वेगळं आणि त्यावर कोपरं टेकून दिवसभर बसणं वेगळं. स्वयंपाकाच्या ओट्याला बघा, दोन-अडीच फुटांवर खाली आधार असतोच. इथे ४ फूट मोकळं आहे. म्हणून पुढच्या कडेखाली लोखंडी एल अँगल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकून घ्या आणि त्याला रेडऑक्साइड मारा. त्याआधी कडप्प्यावर रुपयाचं नाणं वाजवून बघा. सगळीकडे खणखणीत वाजला तर ठीक. कुठे बद्द आवाज आला तर तिथे आत चीर आहे समजा.

तिसरी गोष्ट, भिंत. पुरात भिजलेली भिंत वरून वाळलेली दिसते, आत ओल राहते. फूटभर जाड प्लास्टिकचा चौकोन कपाटाच्या मागच्या भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर तो हवेतला दमटपणा. भिंतीतून येत असेल तर प्लायची पेटी हा विषयच संपला, कारण पेटीमागे ओल कोंडेल आणि वाळवी लागेल. पांढरी भुकटी सुटत असेल तर तारेच्या ब्रशानं खरवडा, कोरडं होऊ द्या आणि चुन्याचा हात मारा. पुट्टी, ऑइलपेंट नको. चुन्यातून भिंत श्वास घेते.

प्लाय लागेल तो फक्त टेबलावर अंथरायला. ७१० चा शिक्का (म्हणजे पाण्याला टिकणारा, मरीन प्लाय) बघून घ्या, १८ एमएम. कापलेल्या कडा उघड्या सोडायच्या नाहीत, पाणी तिथूनच शिरतं.

धावदोरा

ताई, तुमच्या आईच्या गोधडीचं वाचून वाईट वाटलं. दोरा आधी जातो, कापड नंतर, हे मीही पाहिलंय. आमच्याकडे वाकळ म्हणतात. आजी, आई आणि आता मी, तिघींच्या हाताखालून किती गेल्या असतील मोजलं नाही.

एक सांगते, रागवू नका. गोधडी कपाटात बसून होत नाही. ती जमिनीवर होते. पाच बाय साडेसात फूट अंथरली की तिच्या चहूबाजूंनी हात-दीड हात फिरायला जागा लागते. कोपऱ्यांवर आम्ही वजन ठेवतो. आमच्या घरी एका कोपऱ्याला वरवंटा, बाकी तीन कोपऱ्यांना ज्वारीचे डबे. मग मधूनच कडेकडे हात फिरवत सुरकुती काढायची आणि लांब कच्चे टाके घालायचे. ते झाल्याशिवाय धावदोऱ्याला हात लावायचा नाही. हे ४ फुटी टेबलावर केलंत तर खालचा थर सरकतो आणि ते शेवटी कळतं, उलटं करून बघताना.

मग कपाट कशाला? त्याच्या आधीच्या सगळ्या कामाला. लुगडी उलगडून बघणं, विरलेलं आणि धड वेगळं करणं, काठ उसवणं, कापणं, तुकडे जोडणं. खरा वेळ त्यातच जातो. दोन अंगठ्यांच्या मध्ये कापड धरून हळूच ताणा. चर्र झालं तर ते आतल्या थराला. तग धरला तर वरच्या. लुगडं मधे विरतं, काठाला पक्कं असतं, म्हणून काठ कापून ठेवा, गोधडीच्या कडेला पट्टी म्हणून तेच लावा. नऊ वार म्हणजे २७ फूट. साडेसात-साडेसात फुटांचे तीन तुकडे निघतात आणि साडेचार फूट उरतं. पन्हा ४५ इंच धरला तर ते तीन तुकडे शेजारी शेजारी जोडून दोन थर होतात. म्हणजे एका लुगड्यात एका गोधडीचे दोन थर. नातींच्या गोधड्यांत किती थर घालायचे ते आधी ठरवा, म्हणजे तेरांचा हिशेब बसेल. आणि मधे नवीन मांजरपाट घालणार असाल तर आधी भिजवून वाळवून घ्या. नवीन कापड आटतं, जुनं आटत नाही, मग पहिल्या धुण्यात गोधडी चुरमडते.

यंत्राचं. शिवताना कापडाचा सगळा भार सुईच्या डावीकडे पडतो. उजवीकडे यंत्राच्या हाताखाली जेमतेम वीतभर जागा असते. कपाटात दोन्हीकडे भिंत आहे, म्हणून यंत्र उजव्या भिंतीला लागून ठेवा आणि डावीकडे सगळी जागा मोकळी सोडा. शिवाय तेल घालायला ते यंत्र मागे कलतं, तेव्हा मागेही जागा हवी. ३० इंचांवर पेटीसकट यंत्र ठेवलं तर खांदे वर उचलले जातात आणि दोन दिवसांत मान धरते. यंत्राला कपाटाबाहेर ठेंगणा स्टँडच बरा.

सुताराला बोलवायच्या आधी एक करा. त्या कडप्प्यासमोर आठ दिवस बसून बघा. स्टूल घ्या, पाय बाहेर राहिले तरी चालेल, आणि तिथेच लुगडं कापा. हात कुठे आपटतो, कात्री ठेवायला हात आपोआप कुठे जातो, ते ध्यानात ठेवा. माप त्यावरून द्या.

फेज न्यूट्रल (मिरज)

वायरिंगचं काम करतो. फक्त तेवढंच सांगतो.

कपाटातला प्लग पाण्याच्या रेघेच्या वर हवा, तिसऱ्या कडप्प्याच्याही वर असेल तर उत्तम. आणि वायर वरून आणा, माळ्याकडून. खालून आणली तर प्लग वर असून उपयोग नाही, पाणी आधी वायरीच्या जोडाला गाठतं. भिंत फोडू नका, पट्टीतून वायर न्या, दिसली तर दिसू दे. घराला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, बाकी सगळं नंतर.

उजेड. ट्यूब पाठीमागे असली की तुमचीच सावली कामावर पडते, ती कितीही मोठी लावा. ४६ इंचांच्या कडप्प्याच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावा, म्हणजे उजेड हातांवर पडतो, डोळ्यांत नाही. ४००० केल्विनची (ना फार पिवळी, ना निळसर) घ्या आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा मागा. साध्या पट्टीत जांभळा आणि तपकिरी दोरा सारखाच दिसतो. अडॅप्टर वरच्या कप्प्यात, उघड्यावर, कापडात गुंडाळलेला नको.

इस्त्री कपाटात करू नका. गरम इस्त्री आणि विरलेलं सुती कापड चार फुटांच्या खोपटात एकत्र नको. तिला खोलीतला वेगळा प्लग.

वेखंड

लुगडी ठेवायची असतील तर डांबराच्या गोळ्या टाकू नका, विशेषतः गोधडी लहान मुलांसाठी असेल तर. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो आणि त्या वासानं त्यांना कावीळ होऊन जिवावर बेतू शकतं. मी बालरुग्ण विभागात नर्स होते, दुपट्यांना हा वास आला की आम्ही आयांना पहिलं हेच विचारायचो. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. कडप्प्यावर थेट कापड ठेवू नका. पावसाळ्यात दगडाला घाम सुटतो. खाली लाकडी पट्ट्या टाका आणि दर महिन्याला घड्या बदला.

हिरवा काठ (सांगली)

तुम्ही सगळ्यांनी एवढा जीव लावून लिहिलंत, खूप खूप आभार. पाच आठवडे झाले. काय केलं ते सांगते.

धावदोरा ताई, रागवायचं कसलं, तुमचं पहिलं ऐकलं. आठ दिवस स्टूल घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी कळलं की माझा डावा हात काठ उसवताना सारखा भिंतीवर आपटतो. मी बरोबर मधोमध बसत होते. स्टूल चार इंच उजवीकडे घेतलं आणि ते थांबलं. हेही कळलं की कात्री मी नेहमी उजव्या गुडघ्यापाशी ठेवायला जाते, कारण जन्मभर जमिनीवर बसून शिवलंय. म्हणून कडप्प्याच्या उजव्या कडेखाली, अँगलला एक आकडा लावून घेतला. हात जातो तिथेच आता कात्री आहे.

ओळंबा काका, प्लास्टिक लावलं. ४८ तासांनी आतून दव धरलेलं होतं, खालच्या बाजूला जास्त. म्हणून पेटीचा विषय संपवला. सुतार नाराज झाला, पण मी त्याला भिंतीवरचं प्लास्टिकच दाखवलं, मग त्यानं मान्य केलं. खालचा कडप्पा ग्राइंडरनं काढला, अर्ध्या तासाचं काम, पण धूळ देवघरापर्यंत गेली. नाणं वाजवलं तेव्हा दुसरा कडप्पा डाव्या कोपऱ्यात बद्द बोलला. बघितलं तर खालून केसाएवढी चीर होती. म्हणून अँगल पुढेच नाही तर मधूनही एक आडवा घेतला.

कडप्प्यावर ७१० चा प्लाय आहे आणि त्याच्या पुढच्या कडेला पियानो बिजागरीनं जोडलेली १४ इंचांची फळी. काम नसेल तेव्हा ती खाली लोंबते आणि पाय ठेवायची जागा झाकते. काम असेल तेव्हा वर उचलायची आणि खालचे दोन दुमडते पाय उभे करायचे. मग ३४ इंच खोल टेबल मिळतं. लुगड्याचा पन्हा त्यावर पूर्ण मावत नाही, पण आडवी घडी घालून आखता येतं. प्लाय चिकटवलेला नाही, नुसता टेकवलाय आणि मागे दोन खुंट्या आहेत. खुंट्या काढल्या की आम्ही दोघं तो दहा मिनिटांत माळ्यावर नेऊ शकतो. करूनही बघितलं.

टेबलाखाली स्टुलाशिवाय काही नाही. स्टूल लोखंडी आहे.

चुना मारणाऱ्यानं विचारलं, मागच्या भिंतीवरची पाण्याची तपकिरी रेघ घासून काढू का. मी नको म्हटलं. प्लग लावायला आलेल्या दादांना मी त्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं, की याच्या वर, पुष्कळ वर. त्यांनी टेप लावून ५ फुटांवर घेतला. वायर माळ्यावरून उतरली आहे. एलईडीची पट्टी लावली त्या संध्याकाळी मी सासूबाईंचं अंजिरी लुगडं उलगडून त्या उजेडात धरलं. त्यात एक निळा धागा उभा गेलाय हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. त्या नेसायच्या तेव्हाही नाही.

यंत्र मी सध्या कपाटाबाहेर खिडकीशी ठेवलंय, ठेंगण्या स्टँडवर. नदीचं ठरवलंय ते असं: आयर्विनला ४० फूट झाले, म्हणजे इशारा पातळी, की यंत्र आणि प्लाय माळ्यावर. ४५ ची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघायची नाही. तेव्हा हात थरथरतात आणि माणसं दुसऱ्यांच्या घरी मदतीला गेलेली असतात.

तेरापैकी पाच लुगडी अंगठ्यांत धरल्याबरोबर गेली. ती आतल्या थराला. आठ धड आहेत. मोठ्या नातीच्या गोधडीचे तुकडे जोडून झाले, काल जमिनीवर अंथरली. कोपऱ्यांना माझ्याकडे वरवंटा एकच होता, म्हणून बाकी तीन कोपऱ्यांवर काढलेल्या कडप्प्याचे तुकडे फडक्यात गुंडाळून ठेवले. चांगले बसले, हलत नाहीत.

धावदोरा ताई, आता एकच विचारायचंय. कच्चे टाके झाले आहेत. धावदोरा तुम्ही कडेपासून आत फिरवत नेता की सरळ उभ्या ओळी घालता? माझ्या आईच्या गोधडीत काय होतं ते आठवायचा खूप प्रयत्न केला. कोपऱ्यात ओळ वळायची एवढं बोटांना आठवतंय, पुढचं नाही.

धावदोरा

कोपऱ्यात वळत होती म्हणजे कडेपासून आत. मीही तशीच घालते. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करा, कडेपासून दोन बोटं सोडून. पहिली फेरी पुरी झाली की दुसरी तिच्या आत एका बोटावर. दोरा एका वेळी हातभरच घ्या, लांब घेतला की पीळ बसतो. कोपऱ्याला पोचलात की टाका कोपऱ्यावर संपवू नका. एक टाका अलीकडे थांबा, कापड फिरवा, सुई तिरकी घाला. मग कोपरा ओढत नाही.